सरकारी जमिनीवर माउंटन बाइकचा ट्रेल कसा ठरतो, आणि लोकांचं म्हणणं त्यात कुठे बसतं

अमेरिकेतल्या एखाद्या राष्ट्रीय वनात माउंटन बाइकचा, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलचा, नवा ट्रेल (आखलेली डोंगरवाट) प्रस्तावित असल्याची सूचना निघते आणि लोक जागे होतात. सायकलवाले पाठिंब्याची पत्रं लिहायला घेतात, घोडेस्वार आणि पायी फिरणारे काळजीने नकाशा उघडतात, वनाला लागून राहणाऱ्यांना गाड्या कुठे लागणार याची चिंता पडते. पण त्या दिवसापर्यंत ट्रेलचा निम्मा आकार ठरून गेलेला असतो. कोणता डोंगर, साधारण किती मैल, वाहनतळ कुठे, ई-बाइक चालेल की नाही, हे सगळं त्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांत छोट्या खोल्यांमध्ये आणि प्रत्यक्ष डोंगरावर बोललं गेलेलं असतं. म्हणून या प्रक्रियेत भाग घ्यायचा असेल तर कोणत्या टप्प्यावर काय बदलू शकतं, हे आधी समजून घ्यायला हवं. उशिरा दिलेल्या उत्तम सूचनेपेक्षा वेळेवर दिलेली साधी सूचना जास्त काम करते.

जमीन कोणाची, ते आधी पाहा

संघ सरकारच्या ताब्यात सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त. त्यातली जवळपास २४.५ कोटी एकर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे (पुढे नुसतं ब्यूरो) आणि १९.३ कोटी एकर फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे. माउंटन बाइकचे संघीय जमिनीवरचे बहुतेक ट्रेल या दोघांकडेच आहेत. ब्यूरो गृहखात्याखाली येतं. हे गृहखातं पोलिसांचं नव्हे, तर जमीन, खनिजं आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं. फॉरेस्ट सर्व्हिस मात्र शेती खात्याखाली आहे. दोन खाती म्हणजे दोन नियमावल्या, दोन संकेतस्थळं आणि निर्णयावर दाद मागण्याच्या दोन वेगळ्या वाटा. राज्याची उद्यानं, काउंटीची मोकळी रानं आणि नगरपालिकेच्या टेकड्या यांचे नियम आणखी वेगळे. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावला की पहिलीच चूक होते.

काही जमिनींवर चर्चेला जागाच नसते. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या क्षेत्रात यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि सायकल त्यात मोडते. प्रस्तावित ट्रेलचा दोनशे फुटांचा तुकडा जरी त्या हद्दीत शिरत असेल तरी तिथला अधिकारी ‘बघू’ म्हणू शकत नाही, कारण तो अधिकार त्याच्याकडे नाही. हौशी मंडळी महिनोन्महिने नकाशे रंगवतात आणि नंतर हे कळतं, म्हणून हद्दीचा थर नकाशावर पहिल्या दिवशी चढवावा.

वरचा आराखडा: कंटाळवाणा, पण निर्णायक

प्रत्येक राष्ट्रीय वनाला एक वन आराखडा असतो. ब्यूरोच्या प्रत्येक विभागालाही तसाच संसाधन आराखडा असतो. दोन्हींचा पाया १९७६ च्या दोन कायद्यांत आहे. हे आराखडे पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त काळ चालतात. एखादा डोंगरउतार मुख्यतः वन्यजीवांसाठी, लाकडासाठी, चराईसाठी की मनोरंजनासाठी, हे तिथे लिहिलेलं असतं. नव्या ट्रेलचा प्रस्ताव आराखड्याशी जुळत असेल तर गाडी पुढे सरकते. जुळत नसेल तर आधी आराखड्यात दुरुस्ती करावी लागते आणि साध्या आठ मैलांच्या ट्रेलचं काम कित्येक वर्षं लांबतं.

म्हणून जाणकार सायकल संघटना आराखड्याच्या फेरतपासणीच्या बैठकांना जातात, जरी तिथे एकाही ट्रेलचं नाव निघत नसलं तरी. २०१२ च्या वननियोजन नियमाने या फेरतपासणीत लोकसहभाग सुरुवातीपासून घ्यायला सांगितलं आहे. तिथे मागायची गोष्ट छोटी असते: अमुक भागात पुढे यंत्रविरहित (म्हणजे मोटार नसलेल्या, सायकलसकट) ट्रेलांचं जाळं विचारात घेता येईल, एवढं एक वाक्य. ते एक वाक्य दहा वर्षांनी येणाऱ्या प्रस्तावाचा रस्ता मोकळा करतं.

यासोबत प्रवास व्यवस्थापन नावाचा एक वेगळा निर्णय असतो. कोणत्या वाटेवर कोणतं वाहन, हे त्यात ठरतं. फॉरेस्ट सर्व्हिसने २००५ च्या नियमाने मोटार वाहनं फक्त नेमून दिलेल्या रस्त्यांवर आणि ट्रेलांवर आणली. ब्यूरोकडे प्रत्येक क्षेत्र खुलं, मर्यादित किंवा बंद अशा तीनपैकी एका वर्गात येतं. लोकांनी स्वतःच पाडलेल्या वाटा याच वेळी मोजल्या जातात. ही संधी महत्त्वाची आहे, कारण नव्या ट्रेलच्या बऱ्याच गोष्टी जुन्या, परवानगीशिवाय झालेल्या वाटांपासून सुरू होतात. खातं अशा वाटांची यादी करतं आणि प्रत्येकीबद्दल ठरवतं: स्वीकारायची, वळवायची की मोडून टाकायची. ‘सगळ्या वाचवा’ म्हणणाऱ्या पत्राचा इथे फारसा उपयोग होत नाही. कोणती वाट दोन कायदेशीर ट्रेलांना जोडते, कोणती पाण्यात बसलेली आहे आणि कोणती सोडून द्यायला तुमची हरकत नाही, हे सांगणारं पत्र मात्र टेबलावर उघडं राहतं. काही सोडायची तयारी दाखवली की बाकीच्या मागण्यांना वजन येतं.

सूचनेआधीचं वर्ष

ट्रेलची कल्पना बहुधा स्थानिक संघटनेकडून येते. ती घेऊन पहिली भेट जिल्हा रेंजरची (वनाच्या त्या भागाच्या अधिकाऱ्याची) किंवा मनोरंजन नियोजकाची. त्या भेटीला चाळीस पानांचा अहवाल नको. दोन पानं आणि एक नकाशा पुरतो, पण त्या दोन पानांत पुढच्या प्रश्नांची उत्तरं हवीत: सध्या काय अडचण आहे (गर्दी, धूप, बेकायदा वाटा, नवशिक्यांना जागाच नाही), ट्रेल कोणासाठी आहे, गाड्या कुठे लागतील, कोणत्या मोसमात वापर होईल, आणि बांधल्यावर देखभाल कोण करणार. शेवटचा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात पहिला असतो. त्याच्याकडे आधीच शेकडो मैल ट्रेल आणि मोजकी माणसं असतात. एक मैल वाढवला की तो त्याच्या यादीत कायमचा बसतो. १९७२ पासून राष्ट्रीय वनांत स्वयंसेवकांना रीतसर करार करून काम देता येतं. असा करार आधीच झालेला असेल आणि दोन हंगामांचं काम त्याखाली पार पडलेलं असेल तर प्रस्तावाची बाजू भक्कम होते.

पैशांचंही इथेच बोलावं. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम हा संघीय निधी राज्यांमार्फत येतो. रस्त्याबाहेरच्या मनोरंजनात जळणाऱ्या इंधनावरच्या करातून तो सुरू झाला. त्यातला ३० टक्के मोटारी ट्रेलांना, ३० टक्के यंत्रविरहित ट्रेलांना आणि ४० टक्के मिश्र वापराला जातो. साधारणतः खर्चाचा काही भाग, बहुधा पाचवा हिस्सा, स्थानिकांनी उभा करायचा असतो आणि स्वयंसेवकांचे तास त्यात धरता येतात. म्हणून कोणी किती तास काम केलं याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर आठवून लिहिलेले तास लेखापरीक्षणात टिकत नाहीत.

याच वर्षात इतर वापरकर्त्यांना भेटायचं असतं. घोडेस्वारांचा गट, शिकारी, त्या कुरणावर चराईचा परवाना असलेला पशुपालक, वाहनतळाशेजारची घरं. त्यांची संमती मिळेलच असं नाही. पण त्यांना सूचनेतून पहिल्यांदा कळलं तर विरोध प्रस्तावाला होण्याआधी लपवालपवीला होतो, आणि तो विरोध कुठल्याही रेषेच्या बदलाने शमत नाही.

जमिनीचं गणित, जे प्रत्येक सहभागी माणसाला यायला हवं

ट्रेलविषयी नेमकं बोलायचं तर चार-पाच आकडे पुरतात. माझ्या मते सार्वजनिक बैठकीच्या आधी अर्धा तास हेच शिकवायला हवं, कारण ‘ट्रेल छान व्हावा’ आणि ‘जंगल खराब होईल’ या दोन वाक्यांच्या मधलं सगळं उपयोगी बोलणं या आकड्यांतून निघतं.

ट्रेलचा पहिला शत्रू पाणी, सायकल नव्हे. डोंगरउतारावरून थेट खाली जाणारी वाट, म्हणजे पाणी ज्या रेषेने वाहील तीच रेष, कोणीही वापरली तरी ओहोळ बनते. म्हणून ट्रेल उताराला आडवा जातो, समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) जवळपास. किती आडवा, यासाठी अर्ध्याचा नियम आहे: ट्रेलचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगराचा उतार ३० टक्के असेल तर ट्रेल १५ टक्क्यांच्या आत. उतार फक्त १२ टक्के असेल तर ट्रेल ६ टक्क्यांच्या आत, नाहीतर पाणी ट्रेल ओलांडून जाण्याऐवजी ट्रेलवरूनच धावतं. सपाट जागा सोपी वाटते, पण अडचणीची असते, कारण तिथे पाण्याला जायला जागाच नसते. डबकं होतं, लोक डबक्याच्या कडेने जातात आणि वाट दरवर्षी फूटभर रुंदावते.

दुसरा आकडा: संपूर्ण ट्रेलचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली. म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंची. मध्ये छोटे तुकडे जास्त चढाचे चालतात, विशेषतः खडकावर. तिसरा: वाटेचा दरीकडचा काठ थोडा खाली झुकलेला, साधारण ५ टक्के, म्हणजे पाणी पातळ थरात बाजूला निघून जातं. हा झुकाव वापराने दबतो आणि कडेला मातीची कड तयार होते, म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. खरा भरवसा चौथ्या गोष्टीवर: चढत्या ट्रेलने मधेमधे थोडं उतरायचं आणि पुन्हा चढायचं. प्रत्येक असा खळगा म्हणजे पाणी बाहेर पडण्याचं दार. जमिनीनुसार साधारण ६ ते १५ मीटरवर एक असावं. हे खळगे नसलेला ट्रेल पहिल्या दोन पावसाळी हंगामांत ओळखता येतो, कारण त्याच्या मधोमध चर पडलेली असते.

नकाशावरच्या समोच्च रेषा आणि ट्रेलची रेष पाहून अर्ध्याचा नियम घरबसल्या तपासता येतो. प्रत्यक्ष जागेवर क्लिनोमीटर, म्हणजे उतार मोजायचं साधन, लागतो, तो हातात मावतो. दोन माणसांनी, डोळ्यांची उंची जुळवून, रेष दाखवायला बांधलेल्या एका फितीपासून पुढच्या फितीपर्यंत मोजत जायचं. ‘तिसऱ्या ते चौथ्या मैलादरम्यानचा उताराचा तुकडा २२ टक्के आहे आणि डोंगराचा उतार ३० टक्के, म्हणजे पाणी ट्रेलवर राहील’ असं वाक्य लिहिणारा माणूस कोणत्या गटाचा आहे, हे कोणी विचारत नाही. जलतज्ज्ञ ते वाक्य उचलतो आणि रेष हलते.

वळणांबद्दल एक गोष्ट सहसा विसरली जाते. कारण नसलेलं वळण लोक कापतात. सपाट, मोकळ्या गवतात उगाच नागमोडी काढलेली वाट महिनाभरात सरळ होते. प्रत्येक वळणाच्या आत एक दगड, झाड किंवा मातीचा उंचवटा हवा, म्हणजे वळण डोळ्यांना पटतं. चढणाऱ्या ट्रेलचे वळणाआधीचा आणि वळणानंतरचा असे दोन तुकडे एकमेकांवरून दिसत असतील तर मधून आखूडवाट पडणारच. ते लांब ठेवा, किंवा मध्ये दाट झाडी असेल अशी जागा निवडा.

सर्वेक्षणं, आणि नकाशावरचं न सांगितलेलं वळण

रेष ठरली की फिती बांधल्या जातात आणि तज्ज्ञ चालून येतात: वन्यजीव, वनस्पती, माती-पाणी, पुरातत्त्व. इथे एक व्यावहारिक सूचना फार मोलाची. सर्वेक्षण केवळ फितीच्या रेषेचं न मागता तिच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पट्टा मागा. बांधकामाच्या वेळी खडक लागतो, झरा सापडतो आणि रेष वीस मीटर वर न्यावी लागते. पट्टा अरुंद असेल तर त्या वीस मीटरसाठी पुरातत्त्वज्ञाला पुन्हा यावं लागतं आणि यंत्र उभं राहतं.

१९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याच्या कलम १०६ नुसार जुन्या वसाहती, खडकचित्रं, खाणींचे अवशेष अशा गोष्टींवर परिणाम होतो का हे आधी पाहावं लागतं. राज्याच्या जतन अधिकाऱ्याशी आणि आदिवासी राष्ट्रांशी (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या सरकारांशी) विचारविनिमय होतो. हा विचारविनिमय ‘जनतेचं मत’ या सदरात येत नाही. तो सरकार आणि सरकार यांच्यातला आहे आणि स्वतंत्रपणे चालतो. अवशेषांची ठिकाणं कायद्याने गुप्त ठेवली जातात, कारण ती उघड झाली की लूट होते. त्यामुळे नकाशावर कधी कधी ट्रेल विनाकारण वळसा घेताना दिसतो आणि अधिकारी कारण सांगत नाही. अशा वेळी हट्ट धरू नये. त्याला ते सांगण्याची मुभाच नसते.

वन्यजीवांच्या बाबतीत सायकलवाल्यांकडून एक चूक वारंवार होते. ‘आम्ही आवाज करत नाही, म्हणून प्राण्यांना त्रास नाही’ असं लिहिलं जातं. ओरेगॉनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात गळ्यात यंत्र बसवलेल्या एल्क हरणांवर याचा अभ्यास झाला आहे. चारचाकी एटीव्ही, माउंटन बाइक, पायी फिरणारे आणि घोडेस्वार या चारही प्रकारांत एल्क ट्रेलांपासून दूर सरकले. एटीव्हीपासून सर्वांत जास्त, त्याखालोखाल सायकलींपासून. हे मान्य करून पुढे बोलणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं. उपाय आहेत: ट्रेल विखुरण्याऐवजी एका भागात दाटीने ठेवायचे म्हणजे मोठा सलग पट्टा शांत राहतो, रस्त्याजवळ ठेवायचे कारण तिथे त्रास आधीच आहे, आणि हिवाळी चराईच्या किंवा पिल्लं होण्याच्या महिन्यांत बंद ठेवायचे. बंदीच्या तारखा मागताना फाटक कुठे लागणार आणि ते कोण बंद करणार, हेही लिहा. नुसत्या फलकाने बंद झालेला ट्रेल बंद होत नाही.

नेपा: तीन आकाराची तीन दारं

राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, ज्याला सगळे नेपा म्हणतात, १ जानेवारी १९७० ला अमलात आला. युटामधल्या मोआबजवळचा प्रसिद्ध स्लिकरॉक ट्रेल त्याआधी, १९६९ मध्ये, मोटारसायकलींसाठी आखला गेला होता. आज तोच ट्रेल नव्याने काढायचा तर नेपातून जावं लागेल. हा कायदा खात्याला अमुकच निर्णय घे असं सांगत नाही. निर्णयाआधी परिणाम पाहा आणि ते उघड करा, एवढंच सांगतो.

छोट्या, ओळखीच्या कामांना वर्गीय सूट मिळते. त्यात दीर्घ अहवाल होत नाही आणि बरेच ट्रेल याच दाराने जातात. मधलं दार पर्यावरणीय मूल्यांकनाचं. परिणाम मोठे ठरण्याची शक्यता असेल तर पर्यावरणीय परिणाम विवरण. २०२३ च्या कायदेबदलाने मूल्यांकनाला ७५ पानं आणि एक वर्ष, तर विवरणाला साधारणतः १५० पानं आणि दोन वर्षं अशी मर्यादा घातली.

२०२५ मध्ये मोठा बदल झाला. सर्व खात्यांना लागू असलेली सामाईक नेपा नियमावली मागे घेतली गेली आणि शेती खातं, गृहखातं यांनी जुलैमध्ये आपापल्या नव्या पद्धती आणल्या. पूर्वी ज्या टप्प्यांवर मत मागवणं ठरलेलंच असे, त्यातल्या काही ठिकाणी आता ते अधिकाऱ्याच्या निर्णयावर आहे. म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत वाचलेल्या ‘३० दिवस’, ‘४५ दिवस’ यांवर विसंबू नका. मुदत, पत्ता आणि पुढे आक्षेप घेता येईल का, हे त्या प्रकल्पाच्या सूचनेतच वाचा. प्रकल्पाच्या यादीत नाव नोंदवून ठेवा, म्हणजे सूचना थेट तुमच्याकडे येते. सूचनेआधीच्या वर्षातल्या भेटींचं महत्त्व या बदलाने आणखी वाढलं आहे.

पत्र कसं वाचलं जातं

हे समजलं की लिहिण्याची पद्धत आपोआप बदलते. पत्रं मोजून बहुमत काढलं जात नाही. एक गट पत्रं वाचतो, प्रत्येकातले मुद्दे सुटे करतो, सारखे मुद्दे एकत्र बांधतो आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर तयार करतो. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली तर मुद्दा एकच. पाठिंबा किती आहे हे त्यातून कळतं, पण रेष हलत नाही.

‘मी या ट्रेलच्या पूर्ण पाठिंब्यात आहे, आमच्या गावाला याची फार गरज आहे.’ हे वाक्य नोंदलं जातं आणि तिथेच थांबतं. याऐवजी असं लिहा: ‘प्रस्तावित ट्रेलचा दुसरा तुकडा ओढा ओलांडतो तिथे वाट ओढ्याच्या कडेने साठ मीटर जाते. ओलांडणी ओढ्याला काटकोनात आणि खडकाळ जागी, सध्याच्या जागेपासून सुमारे दीडशे मीटर वर, घेतल्यास काठाची धूप टळेल. त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि मे महिन्यात काढलेला फोटो सोबत जोडला आहे.’ विरोध करणाऱ्यालाही हाच मार्ग. ‘सायकली घोड्यांना घाबरवतात’ याऐवजी ‘पहिल्या मैलाच्या शेवटी उताराचं आंधळं वळण घोड्यांच्या जुन्या वाटेला छेदतं. तिथे पन्नास मीटर आधीपासून समोरचं दिसत नाही. छेद सपाट, मोकळ्या जागी हलवा किंवा आधी चढाचा तुकडा ठेवा म्हणजे सायकली आपोआप मंदावतील.’ दुसरं वाक्य वाचून आखणी करणाऱ्याला काम मिळतं.

पर्याय सुचवणं हा पत्राचा सर्वांत ताकदीचा भाग. उतरण्यासाठी वेगळा एकदिशा ट्रेल आणि चढण्यासाठी दोन्ही दिशांचा सामाईक ट्रेल, अशी विभागणी सुचवली तर खात्याला तो पर्याय तपासावा लागू शकतो, किंवा का तपासला नाही हे लिहावं लागतं. पत्रात प्रकल्पाचं नाव, तुकड्याचा क्रमांक आणि तुमचं नाव-पत्ता हवा. पत्र सार्वजनिक नोंदीत जातं, त्यामुळे त्यातला खासगी तपशील तुम्हीच कमी ठेवा. मुदतीच्या शेवटच्या रात्री संकेतस्थळ अडकतं, दोन दिवस आधी पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये निर्णयाच्या मसुद्यावर आक्षेप घेण्याचा हक्क सहसा त्यांनाच असतो ज्यांनी आधी वेळेत, नेमकं, लेखी मत दिलं होतं, आणि आक्षेपातला मुद्दा त्या मताशी जोडलेला लागतो. वर्गीय सुटीखालच्या निर्णयांना ही पायरीच नसते.

बैठक, आणि तिथे न आलेली माणसं

माइक आणि रांग अशी बैठक ट्रेलसाठी वाईट. सर्वांत मोठ्याने बोलणारे तिघे संध्याकाळ घेतात आणि बाकीचे घरी जातात. मोठे नकाशे चार टेबलांवर, प्रत्येक टेबलाशी एक तज्ज्ञ, आणि लोकांनी थेट नकाशावर लिहायचं, ही पद्धत कितीतरी पटीने उपयोगी. त्याहूनही चांगलं म्हणजे फिती बांधलेली रेष सगळ्यांनी मिळून चालणं. घोडेस्वाराने आंधळं वळण दाखवलं की सायकलस्वाराला ते वाद न घालता दिसतं.

बैठकीला कोण आलं नाही, याची यादी करा. लहान मुलं घेऊन फिरणारे पालक, नवशिके, संध्याकाळच्या पाळीत काम करणारे. आणि हाताने चालवायच्या तीनचाकी किंवा चारचाकी सायकली वापरणारे अपंग स्वार. त्यांची वाहनं जवळपास एक मीटर रुंद असू शकतात. दोन दगडांमधलं अंतर, पुलाची रुंदी आणि वाटेचा आडवा झुकाव त्यांना आधी विचारला तर खर्च जवळजवळ वाढत नाही. बांधल्यावर बदलायचा तर पूल पुन्हा करावा लागतो.

ई-बाइकचा प्रश्न याच वेळी सोडवा. फॉरेस्ट सर्व्हिस ई-बाइकला मोटार वाहन मानते, तिला मोटारी वाटांवर किंवा खास नेमलेल्या ट्रेलांवरच परवानगी. ब्यूरोच्या २०२० च्या नियमाने स्थानिक अधिकाऱ्याला ठरावीक वर्गाच्या ई-बाइक यंत्रविरहित ट्रेलांवर आणण्याचा निर्णय घेता येतो, पण तो आपोआप लागू होत नाही. पेडल मारल्यावरच मदत करणारी, ताशी २० मैलांपर्यंतची पहिली श्रेणी. पेडलशिवायही चालणारी दुसरी. ताशी २८ मैलांपर्यंत मदत करणारी तिसरी. मूळ विश्लेषणात यातली श्रेणी न लिहिता ट्रेल मंजूर झाला तर नंतर ती आणण्यासाठी सगळं पुन्हा करावं लागतं.

मंजुरीनंतरचं पहिलं वर्ष

ट्रेल छोट्या खोदयंत्राने काढला तर पहिल्या हंगामात तो दीड-दोन मीटर रुंद, उघड्या मातीचा, रस्त्यासारखा दिसतो. लोक हादरतात, फोटो फिरतात आणि ‘आम्हाला अरुंद वाट सांगितली होती’ अशी तक्रार येते. वर्ष-दोन वर्षांत कडांना गवत येतं, माती बसते आणि वापराची रेष अरुंद होते. हे बैठकीतच फोटोंसह सांगून ठेवलं तर तक्रार कमी होते. ताजी माती मात्र खरंच नाजूक असते. हिवाळा जाऊन ती घट्ट बसेपर्यंत ट्रेल उघडू नये, उद्घाटनाची तारीख आधी छापून ठेवू नये.

देखभालीच्या करारात मोजायच्या गोष्टी लिहून घ्या: कोणत्या दहा जागी वाटेची रुंदी वर्षातून एकदा मोजायची, रुंदी किती वाढली की काय करायचं, ओलसर तुकडा कोणी आणि कशाच्या आधारे बंद करायचा. स्वयंसेवकांची पहिली फेरी उन्हात नको. पहिला जोराचा पाऊस चालू असताना किंवा थांबल्याच्या तासाभरात छत्री आणि फावडं घेऊन पूर्ण ट्रेल चाला. पाणी जिथे वाटेवर दहा-बारा मीटरहून जास्त धावतंय तिथे फीत बांधा आणि त्याच आठवड्यात तिथला खळगा खोल करून त्याचं तोंड दरीकडे मोकळं करा.